आधी एमबीबीएस, मग तुझे विषाणू?

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांनी लिहिलंय: "मुलीची बारावी गेल्या वर्षी झाली. दुसऱ्या नीटला 318 मार्क. द्राक्षबागेवर कर्ज काढून तिला आता तिसऱ्यांदा, लातूरला बसवणार आहे. तिला विषाणूंचं वेड. वहीत त्यांच्या वंशावळी काढत बसते म्हणून फोन काढून घेतला. आधी एमबीबीएस हो, मग तुझे विषाणू, असं सांगितलंय. व्हायरॉलॉजिस्ट व्हायला डॉक्टर व्हावंच लागतं ना? नाहीतर पाहुण्यांना काय सांगू?"

नाही, लागत नाही. पाहुण्यांना चहा द्या.

318 हा आकडा मला फारसा खटकला नाही. खटकलं ते "आधी हे, मग ते". तिच्या आवडीचं तुम्ही आमिष केलंय, आणि तेही खोटं. साडेपाच वर्षांच्या एमबीबीएसमध्ये विषाणूंची वंशावळ काढायला कुणी बसवत नाही. तिथे रोग ओळखायचा आणि बरा करायचा असतो. ते काम मोठंच आहे, पण तुमच्या मुलीने ते मागितलेलं नाही. पाहुणे काय म्हणतील ते पत्रात आहे, मुलगी काय म्हणते ते एका ओळीतही नाही. बागेवर कर्ज काढलंत आणि तिसरी नीटही फसली, तर ते कर्ज ती आयुष्यभर स्वतःच्या नावावर धरेल. हे करू नका.

वहीतल्या त्या वंशावळींबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे. ती नावं पाठ करत नाहीये. काविळीचंच बघा. हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई ही नावं एकाच घरातली वाटतात, पण ते विषाणू पाच वेगवेगळ्या कुलांतले आहेत. सगळे यकृतावर जातात एवढंच साम्य. डेंग्यू आणि चिकुनगुन्या एकाच डासातून पसरतात, तरी कुलं निराळी. उलट गोचिडीतून येणारा क्यासनूरचा माकडताप डेंग्यूचा जवळचा नातलग. 1971 साली डेव्हिड बाल्टिमोर यांनी विषाणूचं जनुकीय द्रव्य कोणतं आणि त्यापासून संदेशवाहक आरएनए कसा बनतो, यावरून गट पाडले. ते आजही शिकवतात, पण गट म्हणजे वंश नव्हे. हिपॅटायटिस बीचा विषाणू डीएनएचा, तरीही आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीने त्याला रायबोव्हिरियात, म्हणजे प्रामुख्याने आरएनए विषाणूंमध्ये बसवलंय, कारण त्याच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या विकराचं) एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशी नातं लागतं. सगळ्या विषाणूंमध्ये सामाईक असं एकही जनुक नाही, म्हणून सगळ्यांचं मिळून एक झाड निघत नाही. अशी अनेक स्वतंत्र झाडं मानावी लागतात. आणि याचा उपयोग काय म्हणाल, तर 2022 ला लम्पी आली तेव्हा गाईगुरांना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस. दोन्ही विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच प्रजातीतले (जीनस), म्हणून ती चालली.

वाट सरळ आहे: सांगली, कराड किंवा साताऱ्यात बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, मग शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. किंवा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत एम.एस्सी. व्हायरॉलॉजी, त्यानंतर नेट आणि पीएच.डी. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या पदवीच्या चाचणीला बारावीच्या वर्षाची अट असते. नीटच्या फेऱ्यांत ते दार मिटलं असेल. पीएच.डी.ला पुन्हा उघडेल. पैशाचंही स्पष्ट सांगतो. एम.एस्सी.नंतर बहुतेकदा प्रकल्पावरची कंत्राटी जागा मिळते, आणि सगळं धरून दहा वर्षं जातात.

आता मुलीला. नीटपायी गणित सोडलं असशील, तर ते भोवणार आहे. संख्याशास्त्र आणि थोडं पायथॉन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आल्याशिवाय तुझी झाडं म्हणजे नुसती चित्रं. आधी एवढं कर. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुकांच्या मोफत साठ्यातून डेंग्यूच्या चारही प्रकारांच्या ई जनुकाचे (विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन बनवणाऱ्या), साधारण 1,485 अक्षरांचे, पाच-पाच क्रम उतरवून घे. जोडीला जपानी मेंदूज्वराचा एक क्रम घे, बाहेरचा नातेवाईक म्हणून. तो नसेल तर झाडाचं मूळ कुठे धरायचं ते ठरत नाही. झाड काढायचं मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण लॅपटॉप लागेल. त्यातल्याच मसलने क्रम एकाखाली एक लाव, मॅक्सिमम लाइकलिहूडने (सर्वांत संभाव्य झाड शोधायची पद्धत) झाड काढ, बूटस्ट्रॅप 1,000 ठेव, म्हणजे झाड हजार वेळा पुन्हा काढून प्रत्येक फांदी किती वेळा टिकते ते कळतं. 70 टक्क्यांच्या खालच्या फांदीवर विश्वास ठेवू नकोस. नवखी मुलं इथे हमखास एक घोळ घालतात: 10,700 अक्षरांचा अख्खा जिनोम आणि एका जनुकाचा तुकडा एकत्र टाकतात.

डेंग्यूचे प्रकार 1 आणि 3 शेजारी यायला हवेत, 4 सगळ्यांत आधी फुटलेला दिसायला हवा. तसं आलं नाही तर झाडाशी झटत बसू नकोस, क्रमांची मांडणी तपास. क्रमांचं प्रथिनांत भाषांतर करून बघ. मध्येच थांबा-संकेत (प्रथिन इथे संपतं अशी खूण) दिसला तर तिथे वाचनाची चौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांची जुळणी, सरकली आहे.