आबांचा आवाज गेला, आता बोलायचं कसं?

प्रश्न: ताई, कॅन्सरमुळं आमच्या आबांचं स्वरयंत्र काढलं. लक्ष्मीपुरीत दुकान आहे, पण गिऱ्हाईक आलं की आबा आत निघून जातात. गळ्याला लावून बोलायचं मशीन आणलंय, तर पाटीवर लिहितात, रोबोटसारखं वाटतंय, नको. काय करू?
– एक मुलगा, कोल्हापूर

उत्तर: दादा, जन्मभर मोठ्यानं हाका मारलेल्या माणसाला तो आवाज आपला वाटायला वेळ लागणारच, रागावू नका. मशीन नुसतं कंपन देतं, शब्द आबांच्याच जीभ-ओठांनी बनतात, म्हणजे "काय लेका" म्हटलं तर ते त्यांचंच, हे त्यांना सांगा. मानेवर नेमकी जागा सापडणं हेच निम्मं काम, ती स्पीच थेरपिस्टकडं बसून शोधा. दुकानात मोबाईलपण चालेल, मराठीत टाईप केलेलं तो वाचून दाखवतो, नेहमीची वाक्यं आधीच सेव्ह करून ठेवा. आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, प्लीज, थांबा.

अजून एक, लई महत्त्वाचं: आबा आता गळ्याच्या छिद्रातूनच श्वास घेतात, तसं लिहिलेलं कार्ड खिशात असू दे, बेशुद्ध पडले तर ऑक्सिजन तिथंच द्यावा लागतो. पंचगंगेत पोहणं बंद, पाणी थेट फुप्फुसात जाईल.