ब्रिटनमधून फिलिपिन्सला घरी पैसे पाठवायचा सर्वांत स्वस्त मार्ग कोणता?

तुम्ही लिहिलंय की बायको फिलिपिन्सची आहे, दोघंही ब्रिटनमध्ये नोकरी करता, तिच्या आईला दरमहा २०० पौंड पाठवता आणि त्यातले फार कापले जातात. माझी अवस्था हुबेहूब हीच. मी मूळचा राजापूरचा, लेस्टरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. बायको फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावरची, माझ्याच हॉस्पिटलात नर्स. तिची थोरली बहीणही इकडेच नर्स आहे, आणि त्या बहिणीचा नवरा म्हणजे माझा साडू. या नात्याला इंग्रजीत खास रुळलेला शब्द नाही, पण फिलिपिन्समध्ये आहे, 'बिलास'. हा साडू या उत्तरात सारखा येणार आहे, कारण पैसे पाठवण्यावरून आमचं २०१८ पासून भांडण चालू आहे.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. जिथे 'फी शून्य' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, तिथे आधी दर बघा. समजा बाजारात पौंड ७५ पेसोला आहे. फुकटवाला तुम्हाला ७३.५० देतो, म्हणजे २०० पौंडांचे १४,७०० पेसो झाले. दुसरा २ पौंड फी घेतो, पण उरलेल्या १९८ ला ७४.९० देतो. तिथे १४,८३० पोचतात. फी घेणाऱ्याकडे १३० पेसो जास्त, म्हणजे अडीचेक किलो तांदूळ. तेव्हा फी किती, दर किती हे वेगवेगळं न विचारता 'माझे २०० गेले, तिकडे पेसो किती?' एवढंच विचारायचं. वाईज, रेमिटली, वर्ल्डरेमिट ही सगळी ॲपं पैसे पाठवायच्या आधी हा आकडा दाखवतात. एकाच वेळी दोन-तीन उघडून बघा. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या खेपेला जो गोड दर मिळतो तो दुसऱ्या खेपेला मिळत नाही, म्हणून तुलना दुसऱ्या महिन्याच्या दराने करा. या ॲपांबद्दल ओळखीच्यांना विचारू नका, नावाच्या आधी रेफरल कोड पाठवतात.

आपल्या नेहमीच्या बँकेतून स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून) २०० पौंड पाठवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. इथली बँक घेते, मधली एखादी बँक घेते, तिकडची बँक जमा करताना घेते, आणि दरात मारतात ते वेगळंच. घराचा मोठा हप्ता वगैरे असेल तर गोष्ट निराळी. आणि ॲपमध्ये पैसे भरताना क्रेडिट कार्ड वापरू नका, बहुतेक बँका त्याला रोख उचल समजून पहिल्या दिवसापासून व्याज लावतात. बँक ट्रान्सफरने भरा.

झालं तुमचं उत्तर. आता साडू.

मी २०१७ मध्ये पहिल्यांदा सासूबाईंना पैसे पाठवले तेव्हाच तोंडावर आपटलो होतो. रोख उचलायचे पैसे होते. तिकडे सोनं गहाण ठेवून घेणाऱ्या पेढ्या गावोगाव असतात आणि त्याच पेढ्या परदेशातून आलेले पैसे वाटतात. पालावान, सेबुआना लुइलिये, एम लुइलिये या पाट्या तुम्ही सासुरवाडीला गेलात तेव्हा पाहिल्याच असतील. फॉर्मवर 'मधलं नाव' असा रकाना होता. आपण मराठी माणसं, बाईच्या मधल्या नावात काय लिहिणार? मी सासऱ्यांचं नाव लिहिलं. तिकडे मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव, आणि लग्न झालेल्या बाईचं असेल तर तिचं स्वतःचं माहेरचं आडनाव. नाव ओळखपत्राशी जुळेना, म्हणून सासूबाई खिडकीवरून परत आल्या, पाऊण तासाचा रस्ता दोनदा करून. वर त्या मुलीने त्यांना विचारलं की पाठवणारा तुमचा कोण? तर म्हणे, 'जावई'. ती हसली म्हणे.

त्यानंतर मी इरेला पेटलो. भाचीच्या फोनवर जीकॅश होतं. जीकॅश म्हणजे तिकडचं मोबाइल पाकीट, आपल्या फोनपेसारखं. मी ॲपमधून थेट त्यात पैसे टाकायला लागलो. खिडकी नाही, फॉर्म नाही, मिनिटात जमा. एक वही केली. दर महिन्याची तारीख, बाजारभाव, मिळालेला दर, पोचलेले पेसो असं लिहायचो. शेजारच्या रकान्यात साडूचे पेसो.

कारण साडू दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमधून निघाला की एका फिलिपिनो किराणा दुकानात जातो, सुके मासे आणि शेवया घेतो, आणि त्याच काउंटरवर नोटा मोजून देतो. पावती खिशात. सासूबाईंनी पैसे उचलताना सांगायचा नंबर तयार. 'फी शून्य'. मी त्याला वही दाखवायचो. तो म्हणायचा, 'आई पैसे घेऊन खूश आहे ना?' आकड्याला आकड्याने उत्तर न देणारा माणूस मला सहन होत नाही. ख्रिसमसच्या जेवणात, बारशाला, एकदा तर बायकोच्या बहिणीच्या पन्नाशीला आम्ही यावरून हुज्जत घातली आहे. वर्षाचे साधारण २० पौंड मी जास्त पोचवत होतो आणि ते मी सगळ्यांना ऐकवत होतो.

मग २०२१ चा डिसेंबर. तिकडे १६ तारखेपासून नऊ दिवस पहाटेच्या मिस्सा (चर्चमधल्या प्रार्थना) सुरू होतात, ख्रिसमसची चाहूल. मी आदल्या दिवशीच ३०० पौंड टाकले होते, सणाचे म्हणून थोडे जास्त. वीसेक हजार पेसो झाले. त्याच १६ तारखेला ओडेट आलं. बाहेरच्या जगात त्या वादळाचं नाव राय. दुपारी सियारगाव बेटावर धडकलं आणि संध्याकाळी बोहोलवरून गेलं. सासूबाईंचं घर उबायकडे, किनाऱ्यालगत. इकडे आम्ही फोन लावतोय, लागत नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. बायको ड्यूटीवरून येऊन जेवायच्या टेबलाशी फोन घेऊन बसायची आणि फेसबुकवर गावाची नावं शोधायची.

माझे वीस हजार पेसो जीकॅशमध्ये सुखरूप होते. टॉवर आडवे, वीज नाही, भाचीच्या फोनला चार्ज नाही. दुकानदार रोखीशिवाय तांदूळ देत नव्हते. एटीएम बंद. जगातले सर्वांत स्वस्तात पाठवलेले पैसे, आणि त्यांची एक मेणबत्ती येत नव्हती.

साडूने काय केलं? बायकोची मावसबहीण मिंडानाओत, कागायान दे ओरोला असते. तिथे वीज होती. साडूने सोमवारी त्याच किराणा दुकानात जाऊन तिच्या नावावर २५० पौंड पाठवले. तासाभरात तिने पेढीतून नोटा उचलल्या, तांदूळ, ताडपत्री, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि बोटी सुरू झाल्या तशी पहिल्या मिळेल त्या बोटीने बोहोलच्या हाग्ना बंदरात उतरली. तिथून मोटरसायकलवर मागे बसून उबाय. २४ तारखेला पोचली. सासूबाईंचं छप्पर गेलं होतं, नारळाची झाडं मधोमध मोडली होती, माणसं सगळी धड होती. हे आम्हाला २७ ला कळलं, जेव्हा त्या एका टेकाडावर जाऊन बोलल्या. माझे पैसे जानेवारीत निघाले.

साडू बोलला नाही काही. बोलला असता तर बरं झालं असतं. आजही सगळे जमले की मला मासा वाढताना म्हणतो, 'याला मोठा तुकडा द्या, याने दीडशे पेसो वाचवलेत.'

इथपर्यंत मी अजून हरलो नव्हतो. वादळ काय रोज येतं? हिशेब हिशेबाच्या जागी बरोबरच होता, असं मी २०२३ पर्यंत म्हणत होतो. त्या वर्षी आम्ही सुट्टीला गेलो. सासूबाईंबरोबर सकाळी बाजारात निघालो तर त्या आधी भाचीला घेऊन कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात शिरल्या. भाचीने फोनवरून दुकानदारणीला पैसे पाठवले, त्या बाईने गल्ल्यातून नोटा मोजल्या आणि त्यातल्या काही परत गल्ल्यात ठेवल्या. मी विचारलं, हे काय? जीकॅशमधून रोख काढायची तर हजाराला वीसेक पेसो, म्हणजे २ टक्के. मासळीवाली, कोंबडीवाला, डॉक्टरकडची रिक्षा, सगळं रोख. म्हणून त्या दर महिन्याला सगळे पैसे काढून घ्यायच्या. मी गल्लीत उभा राहून डोक्यात गणित केलं. १४,८३० मधून २ टक्के गेले की साधारण १४,५३० राहतात. साडूचे १४,७००, आणि पेढीत उचलणाऱ्याला काही द्यावं लागत नाही.

पाच वर्षांची वही. 'आई, तुम्ही मला सांगितलं का नाही?' तर म्हणाल्या, तू एवढ्या हौसेने करतोस.

माझे आजोबा गिरणीत होते, परळला. गावी मनीऑर्डर यायची. मनीऑर्डरचा दर शेवटी शेवटी २० रुपयांना १ रुपया होता, म्हणजे ५ टक्के. टपाल खात्याने ती जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद केली. पैसे पाठवण्याचा खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं असं संयुक्त राष्ट्रांनी ठरवलंय, ते वाचलं की मला मनीऑर्डरचे ते पाच टक्के आठवतात. पण वडील सांगतात, पोस्टमन घाटी चढून यायचा, आजी त्याला चहा द्यायची, वर आठ आणे आणि एखादा नारळ. आजोबांच्या हिशेबात तो नारळ कधी आला नाही. मी तर त्यांचाच नातू.

तर तुम्ही काय करावं? आजच्या आज सासूबाईंना फोन करा आणि विचारा की पैसे हातात पडेपर्यंत कुठे जातात, रिक्षाला किती लागतात, फोन कोणाचा, त्या भाचीला किंवा पुतण्याला दर वेळी काय द्यावं लागतं. बायकोला मध्ये घालू नका, ती 'ठीक आहे' म्हणेल. गावातले दुकानदार क्यूआर घेत असतील (हल्ली बरेच घेतात) तर जीकॅश किंवा माया (तसंच दुसरं मोबाइल पाकीट) उत्तम. त्यांचं बँकेत खातं आणि जवळ एटीएम असेल तर थेट खात्यात टाका. तिकडे इन्स्टापेने (बँकांमधली झटपट ट्रान्सफरची सोय) एका वेळी ५० हजार पेसोंपर्यंत जातात, तुमचे १५ हजार सहज बसतात. यातलं काही नसेल तर रोख उचलायचा मार्ग घ्या, दर थोडा कमी मिळाला तरी चालेल. मी आता दोन ठिकाणी पाठवतो: बराचसा भाग पेढीतून रोख, आणि भाचीच्या कॉलेजचे जीकॅशमध्ये, कारण ती ते तिथूनच खर्च करते. शिवाय कागायान दे ओरोच्या मावसबहिणीचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसं, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वरचे दर उदाहरणाचे आहेत, रोज बदलतात, त्यावरून मार्ग ठरवू नका. काउंटर असो की ॲप, एफसीएच्या (ब्रिटनमध्ये अशा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नोंदवहीत कंपनीचं नाव आहे का ते बघा, वेबसाइटवर शोधता येतं. आणि नोंद असली तरी बँकेतल्या ठेवीला जसं सरकारी योजनेचं संरक्षण असतं तसं या कंपन्यांकडच्या पैशाला नसतं, म्हणून मोठी रक्कम तिथे साठवून ठेवू नका. फेसबुकवर कोणी म्हणेल 'मला इथे पौंड दे, माझा भाऊ तिकडे पेसो देईल', त्याच्या वाटेला जाऊ नका. दर चांगला असतो, पण एक दिवस भाऊ फोन उचलत नाही.

साडूचं दुकान मात्र मी अजूनही सुचवणार नाही. रोखच पाठवायचे तर त्याच पेढ्यांना ॲपवरून पाठवलेले त्याच्यापेक्षा ७०-८० पेसो जास्त पोचतात, गेल्या चार महिन्यांचे आकडे माझ्याकडे आहेत. नवीन वही. या ख्रिसमसला दाखवणार आहे. २०२३ च्या त्या छोट्या दुकानाबद्दल मी त्याला अजून काही बोललेलो नाही, आणि त्याला मराठी वाचता येत नाही ते बरंच आहे.