'अ फ्यू एकर्स ऑफ स्नो': हॅलिफॅक्सचा हातोडा आणि फ्रेंचांचा बचाव

तुम्ही लिहिलंय की उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज-फ्रेंच लढाईवरच्या या दोघांच्या पटखेळात धाकटा भाऊ दरवेळी इंग्रजांची बाजू घेतो, हॅलिफॅक्सचं ठाणं वसवतो, तिथून फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला पाडतो आणि मग थेट त्यांच्या क्वेबेक शहराला वेढा घालतो. सलग सहा डाव हरल्यावर तुमचा प्रश्न आहे: चूक माझी की खेळाची?

मुख्यतः खेळाची. मार्टिन वॉलेसचा हा खेळ 2011 साली आला आणि थोड्याच काळात जगभरच्या खेळाडूंनी नेमकी हीच वाट शोधली. तिचं नावच पडलं 'हॅलिफॅक्स हॅमर'. वॉलेसने अडचण मान्य केली, नियमांत दुरुस्त्याही केल्या. तेव्हा आधी तुमच्या खोक्यातले नियम जुने आहेत की सुधारित, ते बघा.

हा हातोडा का चालतो, ते कळलं की बचाव सुचतो. या खेळात नवं ठाणं वसवलं की त्याचं कार्ड तुमच्या गड्डीत येतं. म्हणजे साम्राज्य वाढलं की गड्डी फुगते, आणि हवं ते कार्ड हातात यायला उशीर लागतो. लंडन किंवा पॅरिसहून हुकूम पोचायला लागणारा वेळ नुसत्या पत्त्यांतून दाखवलाय! मला हा खेळ आवडतो तो या एका कल्पनेसाठी. तुमचा भाऊ नेमकं उलट करतो. तो पसरतच नाही. गड्डी बारीक ठेवतो, त्यामुळे जहाज आणि पलटण त्याच्या हाती पुन्हा पुन्हा येतात.

तुम्ही मात्र, माझा अंदाज आहे, नकाशा बघून मोहात पडता. आतल्या नद्यांच्या काठाने ठाणी वसवत जाता, त्यांचे गुण मोजता. मीही पहिलं वर्षभर तेच केलं. क्वेबेक पडलं की डाव तिथेच संपतो, ते गुण कुणी विचारत नाही. सुरुवातीला विस्तार विसरा. फरच्या व्यापारातून पैसा उभा करा, सैन्याची कार्डं लवकर घ्या, आणि गव्हर्नरचं कार्ड घेऊन निरुपयोगी कार्डं गड्डीतून काढून टाका. वेढ्याला लागणारी कार्डं राखीव बाजूला ठेवा. परत उचलताना पैसे पडतात, पण लुईबर्गवर संकट आलं की ती हाताशी असतात. लुईबर्गचा पाडाव जितका लांबेल तितकं बरं. दरम्यान छापे टाकत राहा. छापा अडवायला भावाला कार्डं खर्च करावी लागतात, आणि त्याच्या बारीक गड्डीला तेच सोसत नाही.

एवढं करूनही तोडीस तोड इंग्रज खेळाडूसमोर फ्रेंचांचं पारडं हलकंच राहतं. हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

इतिहासातही वाट हीच होती. हॅलिफॅक्स 1749 मध्ये वसलं, लुईबर्ग 1758 मध्ये पडलं आणि पुढच्याच वर्षी 13 सप्टेंबरला क्वेबेकबाहेरच्या मैदानावर इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती माँकाम दोघेही प्राणघातक जखमी झाले. लुईबर्ग त्याआधी 1745 मध्येही इंग्रजांनी घेतलं होतं. 1748 च्या तहात ते फ्रेंचांना परत मिळालं, आणि बदल्यात फ्रेंचांनी जिंकलेलं मद्रास इंग्रजांना. पटावरच्या त्या चौकोनाची किंमत आपल्याकडच्या एका शहराएवढी ठरली होती. मी लुईबर्गचं कार्ड हातात घेतो तेव्हा दरवेळी मद्रास आठवतं.

खेळ विकू मात्र नका. आम्ही घरी असं करतो: एका बैठकीत दोन डाव, दुसऱ्यात बाजू बदलायची, आणि इंग्रज म्हणून जो क्वेबेक कमी पाळ्यांत पाडेल तो जिंकला. मग हातोडा दोघांच्याही हातात येतो, आणि फ्रेंच बाजूने एकेक पाळी लांबवण्यालाही मोल येतं. पुढच्या वेळी भावाला आधी फ्रेंच घ्यायला लावा.