ऐरोलीचे फ्लेमिंगो आणि घरचा गणपती: खिशातला कॅमेरा कोणता?

तुम्हाला नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीवर आणि ठाण्यातल्या घरच्या गणपतीत, दोन्हीकडे चालेल असा एकच छोटा कॅमेरा हवाय, आणि गाडी कॅनन एसएक्स७४० एचएस की जी७एक्स मार्क २ यावर अडलीये. हातातला फोन गेल्या दोन-तीन वर्षांतला बऱ्यापैकी असेल, तर एसएक्स७४० घ्या. गणपती फोन निभावून नेईल, फ्लेमिंगो नाही.

हिशोब करून बघा. पक्षी बोटीपासून ४० मीटरवर आहे आणि साधारण ९० सेंटीमीटर उंच आहे असं धरू. जी७एक्सचं झूम १०० मिमीला संपतं (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं). तिथे चौकटीत साडेनऊ मीटर उंचीचा देखावा मावतो, म्हणजे ३६४८ पिक्सेलपैकी पक्ष्याच्या वाट्याला जेमतेम ३४०. एसएक्स७४० ९६० मिमीपर्यंत जातो, तिथे तोच पक्षी जवळपास चौकटभर येतो.

आता एसएक्स७४०ची दुखरी बाजू. त्याचा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) जी७एक्सच्या सेन्सरच्या सुमारे एक चतुर्थांश क्षेत्रफळाचा, आणि पूर्ण झूमला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, एफ ६.९ (आकडा मोठा तितकं भोक लहान). बोट हलते, पक्षीही हलतो, त्यामुळे शटर १/१००० सेकंद तरी हवं. स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. लख्ख उन्हात हे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) २०० वर जमतं. ढगाळ सकाळी आयएसओ ८०० लागतो आणि पिसं मेण फासल्यासारखी दिसतात. या कॅमेऱ्यात रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) नाही, त्यामुळे नंतर फारसं सावरताही येत नाही. म्हणून बोट सकाळची मिळाली तर ऊन वर आल्यावरची बघा (वेळा भरतीवर ठरतात, निवडीला फार वाव नसतो) आणि खाडीपलीकडे पश्चिमेला, भांडुपच्या बाजूला तोंड करून फोटो काढा, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. डिजिटल झूम मेनूतूनच बंद करून टाका. व्ह्यूफाइंडर नाही, म्हणून आधी झूम कमी ठेवून पक्षी मधोमध आणा आणि मगच वाढवा. थेट ९६० वर शोधायला गेलात तर नुसतं पाणी दिसत राहील.

फोन जुना असेल किंवा घरातले कार्यक्रमच जास्त असतील, तर मात्र जी७एक्स. एफ १.८ ते २.८ आणि मोठा सेन्सर यांचा फरक समईच्या उजेडात लगेच कळतो. कॅमेरा कुठलाही असो, मखराला एलईडी माळा असतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर अशा माळा डोळ्यांना न कळता लुकलुकू शकतात, म्हणून त्यापेक्षा वेगवान शटरला फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. फ्लॅश बंद, नाहीतर मूर्तीच्या रंगावर पांढरा डाग उमटतो. माळा मूर्तीच्या मागे असतील तर मूर्ती काळवंडते. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजणं) करून चेहऱ्यावर धरा.

खिसा आणखी सैल करायची तयारी असेल तर सोनी आरएक्स१०० मार्क ७ मधला मार्ग आहे: मोठा सेन्सर आणि २०० मिमी. वरच्याच हिशोबाने पक्षी साधारण ६८० पिक्सेल. मोबाइलवर बघायला पुरे, भिंतीवर मोठा लावायला कमीच.

दोन्ही कॅननना बॅटरी एकच, एनबी-१३एल, आणि एका चार्जमध्ये अडीचशेच्या आसपास फोटो. दुसरी बॅटरी लागतेच.

मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जुना कॅमेरा बघणार असाल तर पूर्ण झूम करून, अ‍ॅपर्चर जितकं लहान होईल तितकं करून, पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्या. राखाडी ठिपके दिसले तर आत धूळ गेलीये. या लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढतात, आणि साफ करायला कॅमेरा उघडावाच लागतो. मग मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर बुरशी. आपल्या पावसाळ्यात ती आणखी वाढते, असा कॅमेरा स्वस्त असला तरी सोडून द्या. झूम आत-बाहेर करताना करकर आवाज आला तरी तेच.