पेटी निघते कधी, पोचते कधी?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची २०० कलमं आहेत. गेली दोन वर्षं मी व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून आंबा विकते. ‘पिकलेला आंबा ४ दिवसांत घरपोच’ अशी जाहिरात करते. पुण्याच्या पेट्या नीट जातात, नागपूरच्या निम्म्या खराब होतात. पैसे परत देऊन कंटाळले. चांगली वेबसाइट करून घेऊ का?
— एक बागायतदार

उत्तर : ताई, वेबसाइट या हंगामात राहू द्या. ऑर्डरी तुम्हाला मिळतातच, माल वाटेत मरतोय. वाशीच्या फळबाजारात वीस वर्षं गाळ्यावर काढून मी स्वतः घरपोच आंबा विकायला लागलो, तेव्हा पहिल्याच वर्षी हीच चूक केली. पिकलेला आंबा कुरियरला दिला. मे महिना, बंद पत्र्याची गाडी, त्यात शनिवारी निघालेली पेटी रविवारभर गोदामात. गिऱ्हाइकाने उघडली तेव्हा नुसता रस.

लांब कच्चाच आंबा पाठवा. पुण्याला चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार), नागपूरला बारा आणे. जाहिरातीतले ‘४ दिवस’ काढून तोडणीची तारीख सांगा. पेटीत चिठ्ठी घाला : पेंढ्यातच राहू द्या, फ्रिजमध्ये नको, रंग आणि वास आला की खा. आठ-दहा दिवस लोक आनंदाने थांबतात. आधी सांगितलं नाही तर भांडतात. नागपूरची तोडणी रविवारी-सोमवारीच करा, म्हणजे पेटी सुट्टीत अडकणार नाही. (लवकर पिकावा म्हणून कुणी कार्बाइडची पुडी सुचवेल. त्यावर बंदी आहे.)

आंबा झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ राखून उतरवा. सालीवर ओघळलेला चीक नंतर काळा पडतो आणि शिव्या कुरियरवाल्याला बसतात.

भाडंही तपासा. बहुतेक कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते किंवा खरं वजन, जे जास्त असेल ते धरतात. ४०×३०×२० च्या खोक्यात एकच डझन भरलात, तर ३ किलो आंब्याला ४.८ किलोचं भाडं पडतं. उंची १२ वर आणलीत तर हिशेब २.८८ वर येतो, म्हणजे खऱ्या वजनाचंच भाडं पडतं, आणि आंबा आत हिंदकळतही नाही.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा. परत आलेला शर्ट पुन्हा विकता येतो, आंबा नाही.

साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघाला, तर त्याचे पैसे मात्र वाद न घालता परत द्या. तो बाहेरून ओळखता येत नाही. मलाही वीस वर्षांत जमलं नाही.