ऑरोराचा अभ्यास पनवेलहूनही होतो

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, फिजिक्स चांगलं आहे. ऑरोरा (ध्रुवांजवळच्या आकाशातला रंगीत प्रकाश) आणि सूर्याकडून येणारं चुंबकीय क्षेत्र यावर संशोधन करायचं म्हणते. ऑरोरा आपल्याकडे दिसतसुद्धा नाही! कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घ्यायचं, असं आम्ही ठरवलंय. उपग्रहांचा डेटा बघत बसते म्हणून लॅपटॉप काढून घेतला. तिला समजवा. – एक वडील, नाशिक

उत्तर : आधी तुमच्याशी बोलायला हवं. 'आम्ही ठरवलंय' यातल्या 'आम्ही'त ती कुठे आहे? कोणी न सांगता मोजमापांच्या फायली उघडणाऱ्या मुलीला तुम्ही शिक्षा केलीत. परीक्षेची काळजी असेल, तर रविवारचे दोन तास ठरवून द्या, पण लॅपटॉप आजच परत करा. आणि संशोधनात स्थिर पगार उशिरा सुरू होतो, ही खरी भीती असेल, तर तिला तसं स्पष्ट सांगा. ऑरोराची सबब नको.

कारण ती सबब चुकीची आहे. ऑरोरा ध्रुवांजवळ चमकतो, पण त्याची चाहूल पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूपाशी (सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली, यान तोल साधून राहू शकेल अशी जागा) लागते. सौरवाऱ्यासोबत, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांसोबत, येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे त्याचा उत्तर-दक्षिण घटक 'बी-झेड' ऋण झाला, की ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि ऊर्जा आत शिरते. बी-झेड −10 नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली तीन तास टिकला, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठ्या वादळाची शक्यता असते. सूर्याचा अभ्यास करणारं आपलं आदित्य-एल1 यान जानेवारी 2024 पासून तिथेच आहे. त्याचा मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण) 6 मीटर लांब दांड्यावर बसवलाय, यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाने मोजमाप बिघडू नये म्हणून. 1859 च्या प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने केली होती. पुढे विजेच्या ट्राममुळे ही मोजणी अलिबागला हलवावी लागली. आज भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे.

प्रवेशाचे रस्ते असे : आयएटी ही प्रवेश परीक्षा देऊन आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधून आयआयएसटी (अंतराळ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था), किंवा बीएस्सी फिजिक्सनंतर एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा. कोडिंग तिन्हीकडे लागतंच.

तिची तयारी किती खरी, ते असं पाहा. नासाच्या 'ऑम्नी' या सौरवाऱ्याच्या मोजमापांच्या संग्रहातून 10-11 मे 2024 च्या मोठ्या वादळाचा, दर मिनिटाच्या नोंदींचा डेटा तिला घेऊ द्या. बी-झेड 'जीएसएम' या अक्षपद्धतीतला हवा, 'जीएसई' या दुसऱ्या पद्धतीतला नाही, कारण जीएसएम पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाचा कल धरतो. 9999.99 हे आकडे आधी काढायचे. ती हुकलेली मोजमापं असतात. राहिली तर आलेख आभाळाला भिडतो आणि खरं वादळ सपाट रेघ दिसतं. सौरवाऱ्याला एल-1 पासून इथवर यायला लागणारा वेळ पुन्हा जोडायचा नाही, ऑम्नीत तो आधीच धरलेला असतो. मग बी-झेडच्या आलेखाखाली 'सिम-एच' (पृथ्वीवरच्या चुंबकीय वादळाची तीव्रता दाखवणारा निर्देशांक) काढायचा आणि दोन्ही रेषांत किती वेळाचं अंतर पडतं ते बघायचं. ते अंतर का पडतं, हे तिला शेजारी बसून विचारा.