भाचीच्या हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशनला साडेतीन लाख सांगितलेत. गरिबाला मदत कुठून मिळते?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. शहाद्याकडची तुमची भाची दीड वर्षाची, वजन सात किलो, टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, सहा मिलिमीटरचं छिद्र निघालंय. खासगी दवाखान्यात साडेतीन लाख सांगितले आणि दाजी शेतमजूर. मोबाइलवर फोटो टाकून पैसे गोळा करावेत का, की एखादी संस्था खर्च उचलते, असं तुम्ही विचारलंय.

आधी एवढं ऐका. फोटो टाकू नका, ताईंचं डोरलं गहाण ठेवू नका आणि व्याजाने एक रुपयाही उचलू नका. या ऑपरेशनला पैसा मिळतो. मी पारोळा तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे, डॉक्टर नाही. पण २०१७ पासून अशा पाच मुलांसोबत मुंबईला गेले आहे. पाचही ऑपरेशनं झाली आणि एकाही घराने ऑपरेशनचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले नाहीत. धावपळ मात्र सगळ्यांनी केली, आणि ती धावपळ कोणत्या क्रमाने करायची हे माहीत नसल्यामुळे पहिल्या मुलीचे सात महिने वाया गेले. त्यात माझाही दोष आहे.

ती मुलगी माझ्याच अंगणवाडीतली. दर महिन्याला वजनकाट्यावर बसवायचे आणि वाढीच्या आलेखावर ठिपका टाकायचे. ठिपका वर सरकतच नव्हता. मी तिला ‘मॅम’मध्ये धरलं, म्हणजे मध्यम कुपोषित. जादा आहार सुरू केला, आईला दोनदा रागावलेसुद्धा, की पोरीला नीट खाऊ घालत नाहीस. तिची आजी म्हणायची, ‘आमनं पोर बारीक हाडनं शे.’ एक दिवस आई दारात बसून तिला पाजत होती. थंडीचे दिवस, सकाळचे आठ वाजले असतील, आणि पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब. दोन घोट घेतले की तोंड सोडायची, धापा टाकायची, परत लागायची. आई म्हणाली, ‘ताई, दूध पेता पेता तिले रोजच घाम सुटस.’ सात महिने मी आलेख बघत होते, तिचं कपाळ बघितलंच नव्हतं. तपासणी पथकाच्या डॉक्टरांनी आलेख बघितला, छातीला नळी लावून ऐकलं आणि मिनिटभरात म्हणाले, हृदयात आवाज येतोय, इको करून घ्या.

हे मुद्दाम लिहिते, कारण तुमच्या भाचीचं सात किलो वजन आणि छिद्र या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. छिद्र मोठं असलं की शुद्ध रक्त परत फुप्फुसांकडे जातं, हृदय दुप्पट राबतं, मूल खातं ते सगळं त्या राबण्यातच जळतं. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, तिथे डॉक्टर नुसती वाट बघतात. मोठं छिद्र तसंच राहिलं तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो. तो एका मर्यादेपलीकडे गेला की मग छिद्र बुजवताच येत नाही. पैसे हातात असूनही ऑपरेशन नाकारलं गेलेली चौदा वर्षांची एक मुलगी मी बघितली आहे. ओठ जांभळे, दोन पायऱ्या चढली की खाली बसायची. म्हणून इकोचा कागद घेऊन डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: फुप्फुसांतला दाब किती आहे, आणि किती दिवसांत करायला हवं. हे लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडूनच ऐका. मोठ्या माणसांचा हृदयरोगतज्ज्ञ त्यासाठी पुरेसा नाही.

आता मार्ग सांगते.

सगळ्यात आधी तुमच्या गावच्या अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे जा आणि ‘आरबीएसकेचं पथक’ कधी येतं ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात पालघरहून सुरू झालेला. गाडीतून डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्स येतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, अठरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना तपासतात. तुमच्या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात. पथक येतं तेव्हा मूल गावात नसतं, म्हणून अशी मुलं सुटतात. भाचीही तशीच सुटली असेल. पण पथक यायची वाट बघायची गरज नाही. ग्रामीण रुग्णालयात पथकाचे डॉक्टर भेटतात, त्यांना इको दाखवा आणि संदर्भ चिठ्ठी घ्या. ती चिठ्ठी हातात असली की जिल्हा रुग्णालयातून पुढे मुंबईच्या रुग्णालयाची तारीख मिळायला फार सोपं जातं. आमच्याकडची तीन मुलं याच मार्गाने गेली.

ऑपरेशनचा खर्च बहुतेक वेळा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होतो. हीच योजना आधी राजीव गांधी जीवनदायी म्हणून होती. २०१२ साली पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, आता पाच लाखांपर्यंत आहे. व्हीएसडी आणि एएसडी (हृदयाच्या पडद्यातली छिद्रं), पीडीए (जन्मानंतर बंद न झालेली रक्तवाहिनी), ‘निळ्या बाळांचं’ टेट्रालॉजी, हे सगळं त्यात बसतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारी माणसं, बसलेले असतात, आत गेल्यावर पहिले त्यांना गाठा. केस पेपर काढून पैसे भरून नंतर विचारू, असं करू नका. एकदा रोख भरलेले पैसे परत काढणं म्हणजे डोकेदुखी. निघण्याआधी १५५३८८ या टोल फ्री नंबरवर फोन करून रुग्णालय योजनेत आहे का आणि लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया तिथे होते का, दोन्ही विचारा. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात हे ऑपरेशन होतंच असं नाही.

आमच्या पहिल्या मुलीचं घोडं इथेच अडलं. रेशनकार्ड केशरी, सगळं ठीक, पण कार्डावर पोरीचं नावच नव्हतं. जन्मल्यावर कोणी चढवलंच नाही. तिची आई सगळे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून मुंबईला घेऊन आली होती. काउंटरवर पिशवी उलटी केली, लसीकरणाचं कार्ड निघालं, लाइटचं बिल निघालं, कापूस विकल्याची पावती निघाली, जन्मदाखला नाही. दोन रात्री स्टेशनवर काढून आम्ही परत आलो. तुम्ही आजच बघा: कार्डावर भाचीचं नाव आहे का? नसेल तर जन्मदाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जा. आणि त्याच फेरीत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, तो पुढे जागोजाग लागतो.

तो दाखला होता म्हणून तिचं काम झालं. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांवर कायद्याने एक बंधन आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना, त्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. शिवाय बिलांच्या रकमेतले दोन टक्के काढून गरीब रुग्णांसाठी वेगळा निधी ठेवावा लागतो. मोठमोठी, काचेच्या दारांची रुग्णालयंसुद्धा यात येतात. दार बघून मागे फिरू नका. हा तुमचा हक्क आहे, कोणी उपकार करत नाही.

आम्हाला एका रुग्णालयात सांगितलं, ‘मोफत खाटा भरल्यात, दोन महिन्यांनी या.’ तिथल्याच एका नर्सबाईंनी हळूच सांगितलं की धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर कुठे किती खाटा शिल्लक आहेत ते दिसतं. माझ्या मुलाने मोबाइलवर बघितलं, त्याच रुग्णालयात खाटा शिल्लक दिसत होत्या. तो पडदा दाखवल्यावर वैद्यकीय समाजसेवकांना भेटायला पाठवलं, आणि त्या बाई मात्र देवासारख्या भेटल्या. म्हणून लक्षात ठेवा, काउंटरवरच्या माणसाशी वाद घालण्यात दिवस घालवायचा नाही, सरळ समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारायचं. दाद लागली नाही तर जळगाव, धुळ्यातही धर्मादाय कार्यालयं आहेत.

पूर्ण मोफतच हवं असेल तर खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय आहे. मुलांच्या हृदयासाठीचं, आणि तिथे बिलाचा काउंटरच नाही. सगळं देणगीवर चालतं. जात, कार्ड, उत्पन्न, काही आड येत नाही. थांबावं लागू शकतं, म्हणून इको आणि वजनाची नोंद घेऊन लवकर नाव नोंदवा. आपल्याकडून जायचं तर गाडीने ठाण्याला उतरायचं आणि पनवेलची लोकल पकडायची, मध्ये खारघर येतं.

योजना आणि खाट, दोन्ही करून काही रक्कम उरलीच तर मग ट्रस्टकडे जायचं. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधी आहे. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४८ साली सुरू झालेला पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आता हृदयाच्या ऑपरेशनलाही मदत करतो. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट यांच्याकडे रुग्णांचे अर्ज जातात. रोटरीचं ‘गिफ्ट ऑफ लाइफ’ आहे. १९७५ साली न्यूयॉर्कजवळच्या रोटरीवाल्यांनी युगांडाच्या एका पाच वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन करून दिलं, तिथून हे काम जगभर पसरलं. तालुक्याच्या गावी रोटरी क्लब असतो, अध्यक्षांना जाऊन भेटा, ही माणसं भेटतात. या सगळ्यांचं एक सारखं आहे: पैसे घरच्यांच्या हातात येत नाहीत, रुग्णालयाच्या खात्यात जातात. त्यासाठी रुग्णालयाच्या लेटरहेडवर सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. आणि अर्ज ऑपरेशनच्या आधी करायचा. झाल्यावर बिल घेऊन गेलात तर बहुतेक ठिकाणी नाहीच म्हणतात. ‘मी मंजूर करून देतो, पाच हजार द्या’ असं म्हणणारा माणूस रुग्णालयाच्या गेटवर भेटेल. या अर्जांना एक पैसाही लागत नाही.

आता वर्गणीचं बोलते, कारण तुम्ही मनापासून विचारलंय. गावाने पैसे जमवायचेच असतील तर ऑपरेशनसाठी जमवू नका, बाकीच्यासाठी जमवा. ऑपरेशन फुकट झालं तरी दोघांची पंधरा-वीस दिवसांची मजुरी बुडते, मुंबईत राहायचं, खायचं, रिक्षाचं भाडं, घरी ठेवलेल्या दुसऱ्या लेकराचं बघायचं. याला कुठलीच योजना नाही. आमच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी कानबाईच्या सणाला रोटांसाठी जमलेल्या भाऊबंदांनी तिथेच अकरा हजार काढले, एका घराने दादर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बापाने मला नंतर सांगितलं, ताई, त्या भाकरी चार दिवस पुरल्या, मी पळून आलो नाही. खरंच, पैसे संपले म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी मूल घेऊन गावी परतलेले आईबाप मला माहीत आहेत. मुंबईत दादरला गाडगे महाराज धर्मशाळा रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच आहे, रुग्णालयाची चिठ्ठी दाखवून तिथे विचारा. आणि गावातली दोन-तीन धडधाकट पोरं सोबत घ्या, रक्त द्यावं लागतं.

जायच्या आधी तीन गोष्टी. भाचीला सर्दी-खोकला असेल तर लगेच औषधपाणी करा, छातीत कफ असला की भूल देत नाहीत आणि तारीख पुढे जाते. दुधाचे दात किडले असतील तर दाखवून घ्या, किडक्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात. आणि लसी पूर्ण आहेत का ते कार्डावर बघा.

ऑपरेशननंतर आईला अतिदक्षता विभागात सोडतात तेव्हा ती घाबरते. छातीतून नळ्या, तोंडात नळी, मूल ओळखू येत नाही. आमच्या मुलीची आई तर दारातच खाली बसली. तिसऱ्या दिवशी नळी निघाली, पाचव्या दिवशी वाटीभर पेज न थांबता प्यायली. आई कपाळाला हात लावून बघत होती, कोरडं होतं. आता ती चौथीत आहे. छातीवर मधोमध रेघ आहे, विचारलं की अभिमानाने दाखवते. तपासणीच्या तारखा मात्र चुकवायच्या नाहीत, सुरुवातीचं वर्ष तर अजिबात नाही.

तुम्ही आज रात्री एकच करा. भाचीच्या आईला सांगा, पोरीला पाजताना तिची छाती आणि कपाळ दिसेल असा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेव. दवाखान्यात गेल्यावर मूल शांत झोपलेलं असतं आणि आईला धड बोलता येत नाही. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.